बिनलेबलचा डबा

ल्यूकन,
१ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

लांबूनच नमस्कार. तू पाय पुढे केलेस असं धरून चालतो.

तीन रविवार पत्र नाही, म्हणजे तू कॅलेंडरवर तीन फुल्या मारल्या असशील. फोन करावा तर तुझा कायदा आड येतो: जन्म, मरण आणि गाडीची वेळ, एवढ्यासाठीच फोन. शिवाय तुझा डावा कान. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आमच्या प्लँटमधला डेक्लन तुला पत्रांतून माहीत आहे. त्याची आई ब्रीडा, वय एकोणसत्तर, नवरा फ्रँक वारल्यापासून एनिस्किलनच्या बाहेर एकटी राहते. इथून गाडीने दोन तास. सीमा ओलांडली की उत्तर आयर्लंड. एकदा डेक्लनबरोबर जेवायला गेलो, आता दर शनिवारी जातो, डेक्लन नसला तरी. आत्या, ही बाई हरणांची शिकार करते! तिकडे हरणं फार झाली की शेताची नासाडी करतात, म्हणून परवाना मिळतो. आणि काडतुसं ती घरी भरते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आमच्या बाजूला घरी भरायला परवानगी नाही, तिकडे परवान्यावर चालतं. उडवलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला नवी टोपी बसवायची, काट्यावर मोजून पावडर घालायची, वरून गोळी दाबायची. मी बंदुकीला हात लावत नाही, घाबरू नकोस. मी फक्त शेजारी बसून बघतो आणि प्रश्न विचारतो.

आता काम. ती वर्षानुवर्षं वापरत होती ती पावडर दुकानात मिळेनाशी झाली आहे. दुकानदाराने तीन दुसऱ्या सुचवल्यात. एक चपट्या पापुद्र्यांची, एक बारीक गोल दाण्यांची, एक बडीशेपेएवढ्या कांड्यांची. कोणती घ्यावी? मी म्हटलं, माझी आत्या पस्तीस वर्षं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होती, तिथल्या लॅबमध्ये हेच तपासायची म्हणे. ब्रीडा चाटच पडली. म्हणाली, मग बसलायस काय, विचार तिला.

तर विचारतो.

तुझा विनय

*

खडकी,
१५ सप्टेंबर २०२४

चि. विनयला आशीर्वाद, आहेत तेवढे.

फुल्या तीन नव्हे, चार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी त्यात स्वतःला शोधत होते. शेवटच्या चार ओळींत सापडले.

दादा-वहिनी गेल्यावर तू सहा वर्षांचा माझ्याकडे आलास आणि तेविसाव्या वर्षी विमानात बसलास. सतरा वर्षं मी पहाटे उठून डबा भरला, पावणेसातला घर सोडलं, संध्याकाळी येऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि तुझ्यासाठी पोळ्या लाटल्या. या सतरा वर्षांत तू एकदा तरी विचारलंस का, की आत्या, तू दिवसभर करतेस काय? नाही विचारलंस. आता कुठल्या ब्रीडाबाईंना काडतुसं भरायची आहेत, तर आत्याची लॅब आठवली. बरं वाटलं म्हणू की वाईट वाटलं म्हणू, ते तूच ठरव.

असो. एवढं कोणा परक्याने विचारलं असतं तरी सांगितलं असतं, म्हणून सांगते. पावडर चांगली किंवा वाईट नसते. त्या काडतुसाला ती लागू पडते की नाही, एवढाच प्रश्न. काही भडकन जळतात, त्या पिस्तुलाच्या नाहीतर छऱ्यांच्या काडतुसात जातात. रायफलच्या लांब पुंगळीला सावकाश जळणारी लागते, म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत मागून रेटा टिकतो. पुरण शिजवायला जशी मंद आच, तसं. मात्र नुसत्या दाण्याच्या आकारावरून निवड करायची नाही. ज्या कंपनीची पावडर, तिचंच छापील कोष्टक उघडायचं, आपल्या रायफलचं नाव शोधायचं आणि त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करायची. जुन्या पावडरचं माप नवीला लावायचं नाही. दोन डबे एकत्र करायचे नाहीत. लेबल काढायचं नाही. एवढं तुझ्या बाईंना ठाऊक असेलच. नसेल तर तू त्यांच्या टेबलापासून लांब बस.

मफलर पाठवला आहे, तांबड्या काठाचा. दोन महिने विणत होते. घालत जा. डिसेंबरचं तिकीट काढलंस का?

ब्रीडाबाई जेवायला काय करतात ते लिही. फार चांगलं करत असतील तर लिहू नकोस.

तुझी आत्या

*

ल्यूकन,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

नमस्कार, आणि ब्रीडाचाही. तुझं पत्र मी तिला इंग्रजीत वाचून दाखवलं (थोडं गाळून). 'ग्रँड,' म्हणाली, 'तुझी आत्या नुसती ग्रँड नाही, भारी आहे.' कांड्यांची पावडर घेतली, कोष्टक उघडून, तू सांगितलंस तशी. पहिल्याच दिवशी तिची गोळी बरोबर मध्यभागी.

जेवण चांगलं करते. लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिलं.

डेक्लनची मुलं तिला नॅना म्हणतात. आता मीही म्हणायला लागलो, तिनेच सांगितलं. मफलर मिळाला, फार सुंदर आहे. परवा मागच्या शेतात गेलो तर नॅनाला शिंकांवर शिंका. गळ्यातला काढून तिला दिला. तिला तो इतका आवडला की परत मागवेना! फोटो सोबत ठेवतो, बघ कशी दिसते.

डिसेंबरचं असं झालंय. डेक्लन नाताळात बायकोच्या माहेरी कॉर्कला जाणार, म्हणजे नॅना एकटी पडणार. तर मी जानेवारीत, नाहीतर फेब्रुवारीत येतो. चालेल ना? तुझ्याकडे शेजारी विभावरीवहिनी असतेच.

हो, आणखी एक. वरच्या प्रेसमध्ये (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात) फ्रँकचा जुना डबा सापडला. अर्ध्याहून जास्त भरलेला, लेबल कधीच गळून पडलंय. नॅना म्हणते, ही फ्रँकची खास पावडर, वीस वर्षं राखून ठेवलेली. झाकण काढलं तर वास जरासा आंबूस, नाकाला झोंबणारा, आणि दाण्यांवर विटकरी भुकटी. झाकण गंजलं असेल. २ नोव्हेंबरच्या शनिवारी फ्रँकला जाऊन दोन वर्षं होतील. त्या दिवशी या पावडरची पाच काडतुसं भरायची आणि टेकडीवर त्याच्या नावाने उडवायची असं तिने ठरवलंय. मी तिच्या शेजारी उभा राहणार. आपला पाडवाही त्याच दिवशी!

ती पावडर चालेल ना?

तुझा विनय

*

खडकी,
२८ ऑक्टोबर २०२४

चि. विनय यास,

पत्र व फोटो मिळाले. फोटो स्पष्ट आला आहे. मफलरचा रंग त्यांना खुलतो.

डिसेंबरचं कळलं. जानेवारीत ये, फेब्रुवारीत ये, तुझ्या सोयीने. भाजणी निम्मीच दळून आणली. एकटीला किती लागतात चकल्या?

नॅना म्हणजे आजी ना? तुझी खरी आजी मी पाहिली आहे, कारण ती माझी आई होती. तिला बंदूक चालवता येत नव्हती, त्यामुळे तिचा फोटो तू कोणाला दाखवत नसावास. मला तू कधी आई म्हणाला नाहीस. मीच म्हणू दिलं नाही. वाटायचं, वहिनीची जागा आहे, तिथे आपण बसू नये. सतरा वर्षं मी त्या जागेच्या कडेला उभी राहिले, आणि एक बाई येते, दोन महिन्यांत गळ्यात माझा मफलर घालून तिथे बसते. बसू दे.

फ्रँकच्या डब्याबद्दल विचारलं आहेस. मी काय सांगणार? मी लॅबमधली बाई, टेकडीवर कधी गेले नाही. तुझ्या नॅनाला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तिलाच विचार.

स्नेहलता आत्या

*

खडकी,
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

चि. विनूबाळ,

औक्षवंत हो. दहा बोटं आणि दोन डोळे शाबूत ठेवून हो.

काल फोनवर मी नुसती ओरडत होते आणि तू 'आत्या, हळू, आत्या, हळू' करत होतास. काय कळलं असेल कोण जाणे. म्हणून आता शांतपणे लिहिते.

पावडर फार जुनी झाली की आतल्या आत कुजते. तेव्हा तो आंबूस वास येतो. ती विटकरी भुकटी गंजाची नव्हती, कुजल्याची खूण होती. अशी पावडर कशी जळेल याचा नेम नसतो, आणि कधीकधी नुसती कपाटात बसल्या बसल्या तापून पेट घेते. त्यात लेबल नाही, म्हणजे ती मुळात कशासाठी केली होती तेही ठाऊक नाही. नळी फुटली असती तर ब्रीडाबाईंचा गाल गेला असता आणि शेजारी उभ्या असलेल्या तुझे डोळे. तो डबा तिथे ठेवू नका, केरात टाकू नका, पोलिसांना कळवून त्यांच्या माणसांच्या ताब्यात द्या, हे सांगितलं ते लक्षात आहे ना?

काल दुपारी विभावरी माळ्यावरून फटाक्यांचं जुनं खोकं घेऊन आली. 'आत्या, तीन वर्षांपूर्वीचे आहेत, ओल लागलीय, उडवू का?' मी म्हणाले, 'ठेव खाली. हात लावू नकोस.' विचारही करावा लागला नाही. ती खोकं ठेवून वळली आणि मला त्या डब्याशेजारी उभा असलेला तू दिसलास. तिच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. म्हणाली, अहो, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कोणी नाही, लाव लवकर. तू तीनदा कापलास. चौथ्यांदा तुझा आवाज आला.

तुझं पत्र मला उशिरा मिळालं, दिवाळीच्या गडबडीत पोस्ट नेहमीच रखडतं. म्हणून आधी सांगता आलं नाही. आणि हो, माझं आणखी एक पत्र वाटेत आहे. ते न उघडता टाकून दे. घाईत लिहिलंय, अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनाच्या चुका आहेत.

तुझी आत्या

*

ल्यूकन,
१७ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार शेवटी करतो, आधी भांडतो.

तुझी दोन्ही पत्रं गुरुवारी एकदमच आली. आधी भाऊबिजेचं वाचलं, मग दुसरं उघडलं. टाकून दे म्हणालीस म्हणूनच उघडलं. अक्षर सुंदर आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. वर तारीख आहे, २८ ऑक्टोबर.

म्हणजे पाच दिवस तुला माहीत होतं. पहिल्या वाचनातच कळलं असणार, तू वासावरून ओळखणारी बाई. शिवाय पत्र इथे पोचायला दहा-बारा दिवस लागतात हेही तुला माहीत होतं. त्यात उत्तर लिहिलं असतंस तरी ते दोन तारखेनंतरच मिळालं असतं, आणि तू तर उत्तरही लिहिलं नाहीस. 'तिलाच विचार' म्हणे! टेबलावर काटा मांडला होता, आत्या. पाच पुंगळ्या टोप्या बसवून रांगेत उभ्या होत्या. नॅनाने झाकण काढलं होतं. विभावरीवहिनीचा नंबर बघून मी तीनदा फोन कापला, दिवाळीच्या शुभेच्छा असतील, मागून बोलू म्हटलं. चौथ्यांदा तुम्ही लावलाच नसता तर? मला फार राग आला आहे. एका मफलरावरून?

काय झालं ते सांगतो, कारण ते तुला कळायला हवं. तुझं ओरडणं नॅनाला फोनमधून ऐकू जात होतं, भाषा न कळताही तिने चमचा खाली ठेवला. मी सांगितल्यावर डबा हात लांब करून उचलला आणि कुंपणापलीकडे मोकळ्या शेतात नेऊन ठेवला. मग दारात बसून रडली. म्हणाली, फ्रँकचं एवढंच उरलं होतं. पोलिसांची दोन माणसं व्हॅन घेऊन आली. डब्यात बघून एकाने विचारलं, हे ओळखलं कोणी? नॅना म्हणाली, पुण्यातल्या एका बाईने, पत्रातून.

आता तुझा आरोप. सतरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, असं तू लिहिलंस. मी विचारलं होतं. मी दुसरीत होतो, आणि 'माझ्या घरातील माणसांचा व्यवसाय' असा निबंध होता. तू मोरीत हात धूत होतीस. मी विचारलं, आत्या, तू फॅक्टरीत काय करतेस? तू साबण खाली ठेवलास आणि म्हणालीस, 'फॅक्टरीतलं विचारायचं नाही. कधीच नाही. बाहेर गेलं तर मला काढून टाकतील, मग तुला कुठे ठेवू?' मी निबंधात लिहिलं, माझी आत्या पोळ्या लाटते. पुन्हा कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं, मी विचारलं तर आपलं घर जाईल. सकाळचा भोंगा झाला की मला त्या फॅक्टरीचा हेवा वाटायचा. तुझ्या मनातलं सगळं तिला माहीत आणि मला काहीच नाही.

मी शनिवारी ब्रीडाच्या टेबलाशी का बसतो, माहीत आहे? ती पावडर मोजते, मी विचारतो, आणि ती सांगते. एवढंच. आणि तुला विचारायला निमित्त मिळालं, तेव्हा पहिल्याच पत्रात विचारलं.

तिकीट काढलं आहे, २१ डिसेंबरचं. नॅनाला सांगितलं. 'ग्रँड,' म्हणाली आणि नंतर दहा मिनिटं भांडी आपटत होती. तीही जळते, आत्या. तुमचं दोघींचं उत्तम जमेल.

आता नमस्कार.

विनय

*

खडकी,
१ डिसेंबर २०२४

चि. विनू,

रागाव. तुझा हक्क आहे तो.

तू लिहिलंस ते सगळं खरं. पहिल्या वाचनातच कळलं होतं. ते २८ तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच पस्तावले. पोस्टमन पेटी उघडायला येईपर्यंत उन्हात उभी राहिले, त्याच्याकडे परत मागितलं. तो म्हणाला, असं हातात देता येत नाही, अर्ज करा. मी घरी आले. अर्ज केला नाही, फोनही केला नाही. टेबलावर तुझ्या ब्रीडाचा फोटो होता आणि पाच दिवस मी तिच्या गळ्याकडे बघत होते. मला तिचा इतका हेवा वाटत होता की त्या डब्याशेजारी तू उभा असशील हे मला दिसतच नव्हतं. दिसत होती ती एकटी. तिच्यासाठीही मी असं वागायला नको होतं. पस्तीस वर्षांत मी एकही खराब नमुना चांगला म्हणून पुढे जाऊ दिला नाही, आणि घरच्या माणसाच्या वेळी गप्प बसले. तू आलास की समोर बसवून पुन्हा एकदा रागाव.

सोबत एक मफलर आहे, निळा. तो ब्रीडाला दे. तिच्या मापाचा विणला आहे, फोटोवरून. फ्रँकचं ऐकून वाईट वाटलं असं सांग. आणि तांबड्या काठाचा परत घे. विमानातून उतरशील तेव्हा तो तुझ्या गळ्यात दिसला पाहिजे. एवढा हेवा मी ठेवणार आहे, तेवढा चालवून घ्या.

निबंधाचं मला आठवत नव्हतं. बोलले असेन, सगळ्यांनाच सांगायचे. तू सात वर्षांचा, विसरशील असं वाटलं. तुझं पत्र वाचून माळ्यावरची ट्रंक उतरवली. दुसरीची वही सापडली. 'माझी आत्या पोळ्या लाटते. त्या गोल असतात.' दहापैकी चार गुण, आणि खाली तुझ्या बाईंचा लाल शाईतला शेरा: 'अधिक माहिती लिहावी.'

आता मला नोकरीवरून काढणारं कोणी उरलं नाही. म्हणून त्याच पानावर, उरलेल्या जागेत, काल लिहून काढलं. वही तू आल्यावर बघशीलच, पण तोवर उतरवून पाठवते:

'माझी आत्या पोळ्या लाटते. त्याआधी ती फॅक्टरीत जाते. तिथे ती प्रत्येक साठ्यातली चिमूटभर पावडर नळीत घालून तापवते आणि वर लावलेल्या कागदाचा रंग बदलतो का ते बघत बसते. रंग लवकर बदलला तर ती सगळा साठा नष्ट करायला सांगते, आणि मोठमोठे साहेब तिचं ऐकतात. जिथे ही पावडर जाते तिथे कोणाचे तरी हात आणि डोळे असतात, म्हणून ती घाई करत नाही. भोंगा झाला की ती धावत घरी येते आणि कोपरापर्यंत हात धुते. तीन वेळा धुते, कारण घरी एक लहान मुलगा आहे आणि त्याच्या पोळीला तो वास लागायला नको.'

तुझी आत्या